ओढताना का सोडताना?

मागच्या हौसिंगमधून आवाज यायला लागला की तो गाडीच्या मालकाला सगळ्यात शेवटी ऐकू येतो. पहिल्यांदा ऐकतो तो शेजारी फुकट बसलेला माणूस. जुन्नर-आंबेगावात पिकअपच्या केबिनमध्ये असा एक माणूस असतोच. कुणाला मंचरला चष्मा आणायचा असतो, कुणाला घोडेगावला तहसीलमध्ये उताऱ्याचं बघायचं असतं. मालक रस्ता बघतो, आरसा बघतो, अधूनमधून बाजारभावाचा मेसेज बघतो (बघू नये). ह्याला बघायला काहीच नसतं, म्हणून हा ऐकतो. आणि कळंबच्या आसपास मान तिरकी करून म्हणतो, "शेठ, मागनं कायतरी घुंई करतंय बगा."

आमच्याकडे सगळेच शेठ. पिकअपवर बँकेचे हप्ते असले तरी शेठ, आणि हप्ते थकले तर जरा जास्तच आदराने शेठ.

हे शेठ म्हणजे माझे चुलतभाऊ, आमचे दादा. टोमॅटोच्या हंगामात नारायणगाव, कांदा असला की ओतूर नाहीतर मंचर, आणि इथले भाव पडले की रातोरात माळशेज उतरून कल्याण, वाशी. गाडीला तसं काही झालं नव्हतं. हौसिंगच्या तोंडाशी, जिथे इंजिनाकडून आलेला शाफ्ट येऊन मिळतो, तिथे तेलाचा ओलावा दिसायचा, एवढंच. ऑइल सील गेलं होतं. सील म्हणजे बांगडीएवढा रबराचा डाग. गॅरेजवाला म्हणाला, "तासाभराचं काम हाये." काम खरोखर तासाभरात झालं, ह्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. तेल गळायचं थांबलं आणि आवाज सुरू झाला.

गॅरेजवाल्याकडे त्याच्याच कामाची तक्रार घेऊन जाणं हा एक स्वतंत्र प्रकार आहे. पहिल्यांदा तो तुम्हाला ओळखत नाही. ओळखल्यावर म्हणतो, "आवाज आधीपासनं असंल, तुमचं ध्यान आत्ता गेलं." गाडी रोज आपण चालवतो आणि ध्यान मात्र त्याला माहीत. त्यावर वाद घातला की म्हणतो, "चालवा थोडी, बसंल." किती चालवायची आणि काय बसणार, हे सांगायची रीत नाही. त्यावरही हटला नाहीत तर शेवटचा उपाय: "चला, एक चक्कर मारू." हात पुसत पुसत तो शेजारी बसतो, आणि तो बसला रे बसला की आवाज बंद. गाडी सुतासारखी सरळ, गुपचूप. दादांचा चेहरा असा होतो की आपणच घरून काहीतरी बनवून आलो होतो.

ह्यात चमत्कार काही नाही. चक्कर मारताना गाडी रिकामी असते, रस्ता गावातला असतो आणि वेग तिशीच्या पुढे जात नाही. आवाज येतो तो शंभरावर क्रेट भरून पन्नास-साठच्या वेगाने जाताना. पण टोमॅटो भरून गॅरेजवाल्याला नारायणगावपर्यंत नेणार कोण? आणि नेलाच, तर तो तिथून परत कसा यायचा ह्याची जबाबदारी कुणाची?

पुढचे दिवस निदानाचे गेले. आपल्याकडे निदान करायला गाडी बघावी लागत नाही. टायरवाला म्हणाला, टायरचा आवाज आहे. बेरिंगवाला म्हणाला, चाकाचं बेरिंग. जॉइंटचं काम करणारा म्हणाला, क्रॉस गेलाय. गिअर ऑइलचे डबे विकणारा म्हणाला, तेल हलकं पडलंय. स्पेअर पार्टच्या दुकानदाराने तर काही न ऐकताच शेल्फवरून क्राऊन-पिनियनचं खोकं उतरवून काउंटरवर ठेवलं. "नुसतं पिनियन द्या," असं दादा म्हणाले तेव्हा त्याने पहिल्यांदा आणि शेवटचं खरं सांगितलं: ही दोन दातेरी चाकं कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनेच जमवलेली असतात, दोन्हीवर जोडीचा नंबर असतो, आणि एक नवं, एक जुनं लावलं तर जन्मभर बोंबलतात. प्रत्येकाला दोष नेमका तो विकतो त्याच सामानात दिसला. ह्याला मी लबाडी म्हणणार नाही. दिवसभर जे हाताळायचं तेच ऐकू येतं.

गावातल्या एका तात्यांनी मात्र काही विकायचं नसूनही उपाय सुचवला: हौसिंगमध्ये दोन मुठी लाकडाचा भुसा टाकायचा. हा उपाय फार जुना आहे, आणि जगभर गाड्या विकणाऱ्यांना ठाऊक आहे. भुसा तेल पितो, फुगतो, दातांच्या मध्ये येतो, आणि आवाज दबतो. किती दिवस? तर गिऱ्हाईक पैसे मोजून तालुक्याची हद्द ओलांडेपर्यंत. त्यानंतर भुशाचा लगदा होऊन बेरिंगं जळतात, पण तोवर कागद दुसऱ्याच्या नावावर झालेले असतात. "पण मला गाडी विकायची न्हाई, तात्या," दादा म्हणाले. तात्या म्हणाले, "मग तुला आवाजाचं काय पडलंय?"

आता ह्या हौसिंगच्या पेटीत असतं काय, ते सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बैलगाडीला डिफरन्शियल लागत नाही. तिचा आख स्थिर, दोन्ही चाकं आपापली मोकळी फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त रस्ता तोडावा लागतो, ते तोडतं. घाटात गाडा सोडणाऱ्या आमच्या भागातल्या लोकांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन शर्यतीची परवानगी मिळवली, पण डिफरन्शियल कधी मागितला नाही. मोटारीचं तसं नाही. तिथे बैल पुढे नसतो, चाकांनाच ढकलायचं असतं. दोन्ही चाकं एका कांबीवर घट्ट बसवली तर माळशेजच्या प्रत्येक वळणावर एक टायर फरपटत जाईल. म्हणून इंजिनाचा जोर घेऊन तो दोन चाकांत वाटणारी आणि तरी दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी ही पेटी. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेक्योर नावाच्या माणसाने वाफेच्या गाडीसाठी तिचं पेटंट घेतलं. धंद्याने तो घड्याळजी. गंमत अशी की घड्याळजीने काढलेली वस्तू आपण हातोडीने उघडतो.

तिच्यातली एक खोड भीमाशंकरच्या बाजूला पावसाळ्यात रोज दिसते. एक चाक भाताच्या खाचरातल्या चिखलात आणि एक पक्क्या दगडावर असलं, की चिखलातलं चाक गरगर फिरत राहतं आणि दगडावरचं, ज्याला खरं म्हणजे गाडी बाहेर काढता आली असती, ते ढिम्म उभं. आमच्या सहकारी सोसायट्यांचा कारभार पाहिलेल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

असो. आवाज तसाच होता, आणि तो ऐकायला नीट शांतता मिळेना. हायवेवर ट्रक. रात्री रहदारी कमी म्हणून आडरस्त्याला गाडी घेतली तर दोन्ही बाजूंना ऊस. जुन्नर तालुक्यात रात्री उसाच्या कडेला उतरून, गाडीखाली डोकं घालून, कान लावून बसणं हा छंद कुणी ठेवलेला नाही. बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे, मिस्त्रींसाठी नाही.

आणि ह्याच तालुक्यात, नारायणगावपासून थोड्याच अंतरावर खोडदला, आकाश ऐकायची केवढी व्यवस्था आहे! ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. चौदा मधल्या एक किलोमीटरच्या चौकात, बाकीच्या सोळा तीन दिशांना पसरलेल्या, सगळा पसारा पंचवीस किलोमीटरचा. २०२३ च्या जानेवारीत बातमी आली होती की ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेली हायड्रोजनची क्षीण खूण ह्या डिशांनी टिपली. ('ऐकणं' हा आपला बोलण्याचा शब्द, तिथे कानाला काही ऐकू येत नाही, रेडिओलहरींची नोंद होते. हे सांगितलं नाही तर तिथले शास्त्रज्ञ रागावतात, आणि ते बरोबर आहे.) त्या डिशांच्या सावलीतून दादांची पिकअप घुंई करत जायची. ८८० कोटी वर्षांमागचं सापडतं, पण सीटच्या मागे दोन हातांवर काय वाजतंय ते सापडत नाही.

ह्या प्रकरणातली पहिली अक्कल आली ती ढोलकीवाल्याकडून. तमाशातल्या विठाबाईंच्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पंच जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. अशाच एका राहुटीकडे निघालेला एक वयस्क ढोलकीवाला मंचरपासून आमच्याबरोबर बसला. मांडीवर ढोलकी, तिच्यावर उपरणं. तो तक्रारीच्या सुरात काही बोललाच नाही. थोडा वेळ डोळे मिटून बसला आणि म्हणाला, "शेठ, पन्नासला धरा बरं." दादांनी काटा पन्नासवर धरला. "ही पांढरी एक." मग म्हणाला, "आता पंच्याहत्तर." बायपासला रस्ता मोकळा होता. घुंई वर चढत गेली आणि एका जागी थांबली. "हा बगा पंचम. सुरत्या ठेवावा तर असा. शंभर करा, वरचा सा दावतो." दादांनी शंभर केले नाहीत. मागे टोमॅटो होते.

मला हे थट्टेचं वाटलं, पण हिशोब मांडला तर म्हातारा शंभर टक्के बरोबर निघाला. पिकअपच्या चाकाचा घेर धरा २.२ मीटर. पन्नासच्या वेगाला चाक सेकंदाला ६.३ फेरे घेतं. क्राऊनला दात ४१, पिनियनला ९. म्हणजे सेकंदाला दात दाताला भिडतो सुमारे २५९ वेळा. हार्मोनियमवरची मधली पांढरी एक २६१ च्या आसपास असते. वेग दीडपट केला की ठोके दीडपट, आणि सा च्या दीडपट म्हणजे पंचम, हे तर कुठल्याही पेटीवाल्याला माहीत. साडेबासष्टला गंधार लागतो. ज्याला हौस असेल त्याने खेडपासून आळेफाट्यापर्यंत भूप आळवत जावं. चारचाकीचा आवाज म्हणून पोलीसही काही म्हणणार नाहीत.

पण ह्यातून एक कामाची गोष्ट झाली. टायर किंवा चाकाचं बेरिंग वाजत असतं तर तो आवाज चाकाच्या फेऱ्यांना धरून, म्हणजे बहुधा खालचा, गुरगुरीचा असता. डांबरीवरून सिमेंटच्या रस्त्यावर गेलं की टायरचा आवाज बदलतो, वळण घेताना अंग एका बाजूला गेलं की बेरिंगचा बदलतो. इंजिन किंवा गिअरबॉक्स असता तर गिअर बदलल्यावर सूर बदलला असता. इथे चौथ्यात, पाचव्यात, कुठेही, पन्नासला पांढरी एक म्हणजे पांढरी एकच. एवढा स्थिर सूर बहुतेक करून क्राऊन-पिनियनच्या दातांतूनच येतो. टायरवाला, बेरिंगवाला आणि क्रॉसवाला, तिघेही एका ढोलकीवाल्याने बाद केले, आणि त्या बदल्यात त्याने फक्त नारायणगावपर्यंतचं भाडं दिलं नाही.

मग आळेफाट्याचा मिस्त्री. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे महाराष्ट्रातल्या सगळ्या प्रकारच्या हौसिंगा येऊन वाजतात, त्यामुळे त्याच्या कानांवर बरेच संस्कार झालेले. गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड, एक खड्डा आणि गोणपाटावर अंथरलेलं सामान. दादांनी सुरुवातीपासून सगळं सांगायला घेतलं. त्याने हात वर करून थांबवलं आणि एकच विचारलं.

"ओढताना का सोडताना?"

इतक्या जणांनी आवाज कुठून येतो हे सांगितलं होतं, कधी येतो हे विचारलं नव्हतं कुणी. ॲक्सिलरेटर दाबल्यावर का पाय काढल्यावर? दादा गप्प झाले. मग आठवून म्हणाले, "सोडल्यावर जास्ती. उताराला तर लईच."

"सील कोणी घातलं?"

"गॅरेजात."

"नटाला खूण केली व्हती का काढायच्या आधी?"

ह्याचं उत्तर दादांकडे असण्याचं कारण नव्हतं, पण मिस्त्रीला उत्तर नको होतं. तो खड्ड्यात उतरला, शाफ्ट सोडला, पिनियनचा फ्लँज दोन्ही हातांनी धरला आणि पुढे-मागे केला. कट्. अगदी बारीक, पण कट्. त्याने वर बघितलं. आम्ही खाली बघितलं. आणखी काही बोलायची गरज राहिली नाही.

त्याचं म्हणणं असं. ॲक्सिलरेटर दाबला की पिनियन बाहेरच्या अंगाला रेटला जातो, पाय काढला की आत ओढला जातो. आत जाताना त्याला धरून ठेवणारा तो पुढचा बेरिंग आणि हा नट. सील बदलायला नट काढावाच लागतो. काढण्याआधी तो किती आवळलेला होता त्याची खूण करायची, किंवा परत बसवताना आतली दबणारी नळी नवी टाकून मोजून आवळायचा. घाईत माणूस करतो काय, तर पान्याला पाइप लावून "बास झालं" वाटेपर्यंत आवळतो. कमी आवळला तर पिनियन केसभर सरकतो आणि सोडताना वाजतो; जास्त आवळला तर बेरिंगं तापून मरतात. दोन्हींच्या मधली जागा फार अरुंद. दातांमधली मोकळीक तर बऱ्याच गाड्यांत मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शातली. "ह्यात अंदाज कुठं बसवणार?" मिस्त्री म्हणाला.

हौसिंग उतरवली. तेल एका घमेल्यात काढलं. गंधकाचा उग्र दर्प सुटला, तो ह्या तेलाला असतोच, कारण हे दात नुसते एकमेकांवर लोळत नाहीत, घसरतातही, आणि साधं तेल त्या दाबाखाली टिकत नाही. मिस्त्रीने तेल बोटावर घेऊन उन्हात धरलं. पितळेसारखा कचरा चमकतोय का ते बघितलं. नव्हता. दादांनी पहिल्यांदा श्वास सोडला.

मग त्याने खिडकीतून एक पुडी काढली आणि तेलात शेंदूर कालवायला घेतला. दादांनी आपोआप चप्पल काढली. पण हा शेंदूर मारुतीचा नव्हता; म्हणजे असला तरी कामाला होता. क्राऊनच्या चार-पाच दातांना बोटाने पातळ लेप दिला, पिनियन हाताने दोन्हीकडे फिरवला आणि दात जिथे भिडतात तिथला शेंदूर पुसला जाऊन डाग पडला तो दाखवला. डाग दाताच्या मधोमध हवा. टोकाला गेला, टाचेला गेला, वर चढला, खाली उतरला, की कुठला वायसर जाड घालायचा आणि कुठला पातळ, ते त्यावरून ठरतं. आमचा डाग जवळजवळ मधोमध होता. म्हणजे पेटीचं मूळचं सेटिंग शाबूत होतं, घोळ नटाचाच.

नवी नळी, नवा नट, पुढचा बेरिंग. आणि मग त्याने जे केलं ते मी आजवर कुठल्या शोरूममध्ये पाहिलेलं नाही. फ्लँजला सुतळीचे वेढे दिले, सुतळीच्या टोकाला भाजी तोलायचा हुकाचा काटा अडकवला आणि पिनियन फिरायला किती ओढ लागते ते काट्यावर वाचत वाचत नट जरा जरा फिरवत गेला. थोडा आवळ, ओढ, वाच. पुन्हा थोडा. शेडच्या दारात एक कांद्याचा शेतकरी काटा परत मागायला उभा होता. त्याला त्याने बसायला सांगितलं.

संध्याकाळी माळशेजच्या दिशेने मढपर्यंत गाडी नेऊन पाहिली, रिकामी नाही, चांगली भरून. पन्नास, साठ, पंच्याहत्तर. पाय दाबला, सोडला, न्यूट्रलला टाकली. (न्यूट्रल सपाटीलाच; उताराला तर नाहीच. आणि इंजिन बंद करून ऐकायची हुशारी कुठेच करू नये, ब्रेकला जोर राहत नाही. हे मिस्त्रीने दोनदा बजावलं, म्हणून इथेही लिहितो.) सूर गेला होता. खडखड, किरकिर, फाळक्याची थरथर, सगळं होतं, पण पांढरी एक नव्हती.

बिल आलं ते आधीच्या सगळ्या सल्ल्यांच्या बेरजेपेक्षा कमी आणि तासाभराच्या कामापेक्षा बरंच जास्त. दादांनी ते मुकाट दिलं.

आता गावात ह्या प्रकरणाचं श्रेय वाटून झालं आहे. पहिला गॅरेजवाला सांगतो की "थोडी चालवा, बसंल" असं मी म्हणालोच होतो, आणि बसलंच की. दुकानदार म्हणतो, खोकं बघूनच आवाज घाबरला. तात्यांना अजून वाटतं की आम्ही गुपचूप भुसा घातला आहे आणि कबूल करत नाही. परवा टायरवाल्याच्या दुकानापुढून जाताना त्याने गाडी थांबवायला लावली, चारही चाकांकडे समाधानाने बघितलं आणि म्हणाला, "गेला ना आवाज? म्हणलं व्हतं का नाय, हवेचाच परिणाम. तेवढे त्या दिवशीचे हवेचे पैसे राहिलेत, शेठ."